‘अफोर्ड’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ आणि वापर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत मराठी बोलतानाही ‘अफोर्ड’ सर्रास कानावर पडतो. घराचं भाडं, क्लासची फी, एसी लोकलचा पास, मुलांचं कॉलेज, विषय कुठलाही असो. शब्द ओळखीचा वाटतो म्हणून त्यासाठी कुणी शब्दकोश उघडत नाही, आणि मग मुलाखतीत, ई-मेलमध्ये किंवा फीमाफीच्या अर्जात नेमका तिथेच घोटाळा होतो. शिकवताना आणि लेखन तपासताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. इंग्रजी वाक्यं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. स्पेलिंग महत्त्वाचं आहे तिथे अक्षरं फोडून दिली आहेत.

‘अफोर्ड’चा नेमका अर्थ काय?

एखादी गोष्ट विकत घेण्याइतके किंवा करण्याइतके पैसे, वेळ अथवा ताकद असणं, आणि ती केल्यावर आपली घडी न विस्कटणं. दुसरा भाग बरेच जण विसरतात. खात्यात पन्नास हजार आहेत आणि फोनही पन्नास हजारांचा आहे, तर तुम्ही तो विकत घेऊ शकता. पण त्यानंतर महिन्याचं भाडं कुठून देणार हा प्रश्न उरत असेल, तर इंग्रजी बोलणारा माणूस म्हणेल, ‘आय कान्ट अफोर्ड इट’. आपलं ‘परवडत नाही’ही असंच वापरलं जातं. तेवढ्यापुरते दोन्ही शब्द अगदी जवळचे आहेत.

‘धिस फ्लॅट डझन्ट अफोर्ड मी’ हे चूक का?

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच, आणि ती मराठीतून येते. मराठीत आपण म्हणतो, ‘हा फ्लॅट मला परवडत नाही’. इथे कर्ता फ्लॅट आहे. ज्याला परवडत नाही तो माणूस ‘मला’ होऊन बाजूला बसतो. ‘मला आवडतं’, ‘मला जमतं’, ‘मला पटतं’ ही सगळी त्याच घरातली वाक्यं. इंग्रजीत ‘अफोर्ड’चा कर्ता माणूस असतो, आणि वस्तू कर्म असते: ‘आय कान्ट अफोर्ड धिस फ्लॅट’.

‘धिस फ्लॅट डझन्ट अफोर्ड मी’ ऐकणाऱ्याला असं वाटतं की फ्लॅटला तुम्ही परवडत नाही. त्यामुळे वाक्य मनात मराठीत जुळत असेल, तर आधी ‘मला’ शोधा. ज्याला ‘मला, त्याला, आम्हाला, कंपनीला’ लागलं आहे, त्याला उचलून वाक्याच्या सुरुवातीला ठेवा: आय, ही, वी, द कंपनी. मग ‘कान्ट अफोर्ड’, आणि शेवटी वस्तू. हा क्रम आठ-दहा वाक्यांत तोंडाने घोळवला की जीभ आपोआप वळते. नियम नुसता पाठ करून ते होत नाही.

‘आय अफोर्ड अ कार’ असं म्हणता येतं का?

नाही. या अर्थाने ‘अफोर्ड’ जवळजवळ नेहमी ‘कॅन’, ‘कुड’ किंवा ‘बी एबल टू’ यांच्या सोबतीने येतो. ‘आय कॅन अफोर्ड अ कार’, ‘वी वेअरन्ट एबल टू अफोर्ड इट’. तो प्रश्नात आणि नकारात सर्वांत जास्त दिसतो: ‘कॅन वी अफोर्ड इट?’, ‘नो, वी कान्ट’. साध्या होकारार्थी वाक्यात तो तुलनेने कमी येतो, आणि आला तर बहुधा ‘ईझिली’, ‘जस्ट अबाउट’, ‘बेअरली’ असा एखादा शब्द जोडीला असतो. ‘वी कॅन बेअरली अफोर्ड द रेंट’ म्हणजे भाडं कसंबसं परवडतं. ‘बेअरली’ आणि ‘हार्डली’मध्ये नकार आधीच आहे, म्हणून तिथे ‘कान्ट’ घालायचं नाही.

‘अफोर्ड’च्या पुढे काय येतं? ‘टू बाय’ की ‘बाइंग’?

दोनच गोष्टी लक्षात ठेवा: नाम, किंवा ‘टू’ आणि मूळ क्रियापद.

‘वी कान्ट अफोर्ड अ हॉलिडे.’
‘वी कान्ट अफोर्ड टू गो ऑन हॉलिडे.’

‘अफोर्ड बाइंग’, ‘अफोर्ड गोइंग’ चूक. ‘अफोर्ड फॉर अ कार’ हेही चूक. मध्ये ‘फॉर’ लागत नाही. ‘एन्जॉय’च्या पुढे ‘आयएनजी’ येतं म्हणून इथेही येईल असा अंदाज बांधला जातो, पण प्रत्येक क्रियापदाची स्वतःची सवय असते आणि ती त्या क्रियापदाबरोबरच शिकावी लागते. म्हणून वहीत एकटा ‘अफोर्ड’ न लिहिता ‘कान्ट अफोर्ड टू’ असा तुकडाच लिहावा.

भूतकाळ आणि भविष्यकाळ कसा करायचा?

काळ ‘अफोर्ड’ला न लावता त्याच्या जोडीदाराला लावायचा. काल, गेल्या वर्षी, लहानपणी: ‘कुडन्ट अफोर्ड’. पुढच्या वर्षी: ‘विल बी एबल टू अफोर्ड’, नकारात ‘वोन्ट बी एबल टू अफोर्ड’. ‘विल कॅन अफोर्ड’ अशी जोडणी इंग्रजीत होतच नाही. जवळच्या भविष्यासाठी नुसतं ‘कान्ट’ही चालतं: ‘वी कान्ट अफोर्ड अ न्यू फ्रिज नेक्स्ट मंथ.’

‘तेव्हा परवडलं असतं, पण घेतलं नाही’ ही मुंबईत घरांबद्दल हमखास ऐकू येणारी हळहळ इंग्रजीत ‘कुड हॅव अफोर्डेड’ने सांगतात: ‘वी कुड हॅव अफोर्डेड अ प्लेस इन मुलुंड देन.’ इथे मात्र ‘अफोर्डेड’ हे रूप लागतं, कारण आधी ‘हॅव’ आलं आहे.

‘आय ॲम नॉट अफोर्डिंग’ चालेल?

नाही. परवडणं ही स्थिती आहे, चालू असलेली कृती नाही. ‘ही इज नॉट अफोर्ड’ हे तर आणखी चूक, कारण ‘अफोर्ड’ विशेषण नाही. ‘इट कान्ट बी अफोर्डेड बाय मी’ हा कर्मणी प्रयोगही टाळा. शब्दकोश या अर्थापुढे ‘कर्मणी नाही’ अशी खूण देतात.

मग ‘परवडणं’ आलं की दर वेळी ‘अफोर्ड’ वापरायचं का?

इथेच खरी मजा आहे, आणि या प्रश्नाला सावकाश वेळ द्यावा. ‘परवडणं’ या आपल्या शब्दाचा पसारा ‘अफोर्ड’पेक्षा मोठा आहे. निदान चार जागी वाट वेगळी होते.

पहिली जागा बाजारातली. दादरला फुटपाथवर गिऱ्हाईक म्हणतं, ‘तीनशेला द्या’. विक्रेता म्हणतो, ‘नाही परवडत ताई’. इथे तो स्वतःच्या ऐपतीबद्दल बोलत नाही, त्या भावात विकलं तर त्याचं मार्जिन जातं एवढंच सांगतो. इंग्रजीत नुसतं ‘आय कान्ट अफोर्ड इट’ म्हटलं तर तो स्वतः ती वस्तू विकत घेऊ शकत नाही असा अर्थ होईल. विक्रेत्याचं वाक्य असं: ‘आय कान्ट लेट इट गो फॉर थ्री हंड्रेड’ किंवा ‘आयल बी मेकिंग अ लॉस ॲट दॅट प्राइस’. ‘अफोर्ड’ वापरायचाच असेल तर क्रियापद पूर्ण सांगावं लागतं: ‘आय कान्ट अफोर्ड टू सेल इट ॲट दॅट प्राइस’. गिऱ्हाईकाने ‘मला परवडत नाही’ म्हटलं, तर मात्र सरळ ‘आय कान्ट अफोर्ड इट’. एकाच सौद्यात दोघेही ‘परवडत नाही’ म्हणतात आणि इंग्रजीत दोघांची वाक्यं वेगळी होतात.

दुसरी जागा धंद्याची. ‘आता टॅक्सी चालवणं परवडत नाही’, ‘शेती परवडत नाही’. म्हणजे कष्ट आणि खर्च यांच्या मानाने हाती काही लागत नाही. इथे ‘ड्रायव्हिंग अ टॅक्सी डझन्ट पे एनी मोअर’ किंवा ‘इट इझन्ट वर्थ इट’. ‘पे’ हे क्रियापद इथे ‘फायद्याचं ठरणं’ या अर्थाने येतं, आणि त्याचा कर्ता काम असतं, माणूस नसतो. मराठी रचनेशी ते छान जुळतं.

तिसरी जागा तुलनेची. ‘या ट्रॅफिकमध्ये रिक्षापेक्षा चालत गेलेलं परवडलं.’ ‘त्या साहेबापेक्षा हा परवडला.’ इथे पैशांचा काही संबंध नाही. दोन वाईटांतलं कमी वाईट निवडलं आहे. इंग्रजीत ‘आयड रादर वॉक’, ‘इट्स बेटर टू वॉक’, आणि साहेबाबद्दल ‘ही इज बेटर दॅन द अदर वन’. ‘अफोर्ड’ची इथे अजिबात गरज नाही.

चौथी जागा टोमण्याची: ‘तुला काय, तुला परवडतं!’ याचं मात्र थेट ‘यू कॅन अफोर्ड टू’ होतं, आणि टोमणाही शाबूत राहतो.

पैसे सोडून इतर कशासाठी वापरता येतो?

वेळ, धोका, चूक, उशीर, भांडण. ज्याची किंमत मोजावी लागेल अशा कशासाठीही. ‘आय कान्ट अफोर्ड टू मिस द ८.१२’ असं कल्याणहून सीएसएमटीला जाणारा माणूस म्हणेल, कारण ती लोकल चुकली की लेट मार्क लागतो. ‘वी कान्ट अफोर्ड अनदर मिस्टेक’ म्हणजे आता आणखी एक चूक झाली तर महागात पडेल. औपचारिक लेखनात ‘कॅन इल अफोर्ड’ दिसेल: ‘द सिटी कॅन इल अफोर्ड टू लूझ इट्स मॅन्ग्रोव्हज’. ‘इल’मध्येच नकार आहे, म्हणून ‘कान्ट इल अफोर्ड’ लिहू नका.

‘कान्ट अफोर्ड नॉट टू’ म्हणजे काय? दोन नकार का?

म्हणजे ‘न करून चालणारच नाही’. सोसायटीच्या सभेत कुणी म्हणतं, गच्चीचं वॉटरप्रूफिंग या वर्षी परवडत नाही: ‘वी कान्ट अफोर्ड टू डू इट’. सेक्रेटरी उत्तर देतात, पावसाळ्याआधी केलं नाही तर वरच्या मजल्याचे स्लॅब जातील: ‘वी कान्ट अफोर्ड नॉट टू डू इट’. ‘नॉट’ची जागा ‘टू’च्या आधी. बोलताना जोर ‘नॉट’वर. तो जोर पडला नाही तर ऐकणाऱ्याला अगदी उलटा अर्थ लागतो.

जाहिरातीत ‘द टेरेस अफोर्ड्स अ व्ह्यू ऑफ द सी’ असं लिहितात. इथे ‘कॅन’ कुठे गेलं?

हा ‘अफोर्ड’चा दुसरा अर्थ आहे: देणं, मिळवून देणं, उपलब्ध करून देणं. भाषा औपचारिक, कर्ता बहुधा वस्तू, जागा किंवा कायदा, आणि ‘कॅन’ची गरज नाही. गच्चीवरून समुद्र दिसतो, एवढंच त्या वाक्यात सांगितलं आहे.

कायद्याच्या इंग्रजीत हा अर्थ फार दिसतो. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २२(५) मध्ये स्थानबद्ध केलेल्या व्यक्तीबद्दल म्हटलं आहे की आदेश देणाऱ्या प्राधिकाऱ्याने ‘शॅल अफोर्ड हिम द अर्लिएस्ट ऑपॉर्च्युनिटी ऑफ मेकिंग अ रिप्रेझेंटेशन अगेन्स्ट द ऑर्डर’. म्हणजे आदेशाविरुद्ध निवेदन करण्याची लवकरात लवकर संधी त्याला दिली पाहिजे. ‘परवडणं’ हा अर्थ इथे लावला तर वाक्य निरर्थक होतं. विधी शाखेच्या पहिल्या वर्षाला आलेले मराठी माध्यमातले विद्यार्थी या वाक्याशी अडखळतात ते याचमुळे.

रचना दोन प्रकारची. ‘अफोर्ड’, मग व्यक्ती, मग वस्तू: ‘अफोर्ड हिम ॲन ऑपॉर्च्युनिटी’. किंवा ‘अफोर्ड’, मग वस्तू, मग ‘टू’ आणि व्यक्ती: ‘द ॲक्ट अफोर्ड्स प्रोटेक्शन टू टेनंट्स’. ‘ऑपॉर्च्युनिटी’, ‘प्रोटेक्शन’, ‘व्ह्यू’, ‘शेल्टर’, ‘प्लेझर’ ही याची नेहमीची सोबती नामं. रोजच्या बोलण्यात मात्र साधं ‘गिव्ह’ वापरा. मित्राला ‘अफोर्ड मी अ पेन’ म्हटलं तर तो बघतच राहील.

दोन अर्थ ओळखायचे कसे?

आधी ‘कॅन’, ‘कुड’ किंवा ‘एबल टू’ आहे का पाहा. असेल तर बहुतेक वेळा ‘परवडणं’. नसेल आणि कर्ता निर्जीव असेल, तर ‘देणं’.

उच्चार कसा करायचा?

दोन अवयव (म्हणजे एका दमात उच्चारायचे तुकडे, इंग्रजीत ‘सिलेबल’), जोर दुसऱ्यावर: अ-फोर्ड. पहिला ‘अ’ अगदी हलका. ‘ॲफर्ड’ किंवा ‘ॲफोर्ड’ म्हणून पहिल्यावर जोर दिला की शब्द ओळखू येत नाही. ‘फ’साठी वरचे दात खालच्या ओठाला टेकवून हवा सोडायची. दोन्ही ओठ मिटून उच्चारलेला ‘फ’ इथे नको. त्यानंतरचा स्वर लांब आणि ओठ गोल करून. ब्रिटिश उच्चारात ‘आर’ ऐकू येत नाही, अमेरिकन उच्चारात येतो. तुम्ही कुठलाही धरा, पण एकच धरा.

त्याहून मोठी अडचण आधीच्या शब्दाची आहे. ‘आय कॅन अफोर्ड इट’ बोलताना ‘कॅन’ झटकन ‘कन’ होतं आणि जोर ‘फोर्ड’वर जातो. ‘आय कान्ट अफोर्ड इट’ बोलताना ‘कान्ट’ पूर्ण आणि ठसठशीत येतं. आपण दोन्हीकडे सारखाच जोर देतो, आणि शेवटचा ‘ट’ गिळला जातो. मग फोनवरच्या परदेशी ग्राहकाला होकार की नकार तेच कळत नाही. मालाड किंवा ऐरोलीच्या कॉल सेंटरमध्ये काम करणाऱ्यांनी ही जोडी वेगळी काढून घोटून घ्यावी. होकारात ‘कन’ हलकं, नकारात ‘कान्ट’ जड, एवढं सांभाळलं तरी काम होतं.

‘अफोर्ड’, ‘एफर्ट’ आणि ‘ऑफर्ड’ यांत गोंधळ होतो. काय करावं?

‘एफर्ट’ म्हणजे प्रयत्न. जोर पहिल्या अवयवावर, शेवटी ‘टी’. ‘ऑफर्ड’ म्हणजे देऊ केलं. जोर पुन्हा पहिल्यावर. ‘अफोर्ड’मध्ये जोर शेवटी. ‘दे अफोर्डेड मी द जॉब’ लिहिणाऱ्याला ‘ऑफर्ड’ म्हणायचं असतं.

‘एफर्ट’चा विषय निघालाच आहे तर: ‘मेहनत घेणं’वरून आपण ‘टेक एफर्ट्स’ म्हणतो. महाराष्ट्राबाहेरच्या कानाला ते खटकतं. ‘मेक ॲन एफर्ट’ म्हणा.

स्पेलिंगमध्ये दोन ‘एफ’ का?

ए-डबल एफ-ओ-आर-डी. शब्द मूळचा जुन्या इंग्रजीतला, ‘पुढे नेणं, पार पाडणं’ या अर्थाचा. ‘पुढे’ या अर्थाचा ‘फोर्थ’ त्यात दडला आहे. लॅटिनमधून आलेल्या, ‘ए-डबल एफ’ने सुरू होणाऱ्या शब्दांच्या वळणावर नंतर याचंही स्पेलिंग गेलं.

‘अफोर्डेबल’ आणि ‘चीप’ एकच का?

नाही. ‘चीप’ वस्तूच्या किमतीबद्दल बोलतं, आणि त्यात दर्जा कमी असल्याचा वासही येतो. ‘अफोर्डेबल’ किंमत आणि घेणाऱ्याची मिळकत यांच्या नात्याबद्दल बोलतं. त्यामुळे ‘अफोर्डेबल’ ऐकलं की लगेच विचारायचं: कुणाला?

‘अफोर्डेबल हाउसिंग’चं उदाहरण मुंबईकरांना माहीत हवं. जाहिरातीत हा शब्द कुणीही कुठेही लावू शकतं. जीएसटीच्या नियमांत मात्र त्याची व्याख्या आहे. १ एप्रिल २०१९ पासून लागू झालेल्या नियमांनुसार घराची किंमत ४५ लाख रुपयांपर्यंत आणि मुंबई महानगर प्रदेशासारख्या भागात चटईक्षेत्र ६० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे ६४६ चौरस फूट, अशा दोन्ही अटी पाळणारं घरच ‘अफोर्डेबल’. बांधकाम चालू असलेल्या अशा घरावर १ टक्का जीएसटी, इतर घरांवर ५ टक्के. म्हणून ब्रोशरमधला शब्द आणि कराच्या नियमातला शब्द एक समजू नका.

व्याकरणाची एक गोष्ट: ‘इट इज नॉट अफोर्डेबल टू मी’ चूक नाही, पण स्वतःबद्दल कुणी सहसा असं बोलत नाही. ‘आय कान्ट अफोर्ड इट’ हेच नैसर्गिक. ‘अफोर्डेबल’ नामाआधी शोभतं: ‘अफोर्डेबल रेंट्स’, ‘ॲन अफोर्डेबल स्कूल’. नकारासाठी ‘अनअफोर्डेबल’, भाववाचक नाम ‘अफोर्डेबिलिटी’.

दुकानात किंवा ऑफिसात हा शब्द उद्धट वाटू शकतो का?

हो, आणि याकडे फार दुर्लक्ष होतं. ‘तुम्हाला किती परवडेल?’ हा प्रश्न मराठीत सौजन्याचा. पण शोरूममध्ये गिऱ्हाईकाला ‘कॅन यू अफोर्ड इट?’ विचारणं म्हणजे त्याची ऐपत काढणं. त्याऐवजी ‘व्हॉट्स युअर बजेट?’ किंवा ‘व्हॉट प्राइस रेंज डिड यू हॅव इन माइंड?’ विचारा. गिऱ्हाईक म्हणून नाही म्हणायचं असेल आणि आपली ओढाताण सांगायची नसेल, तर ‘दॅट्स अ बिट मोअर दॅन आय वॉन्टेड टू स्पेंड’ हे नीटस वाक्य आहे.

पगाराच्या बोलणीतही तसंच. ‘आय कान्ट अफोर्ड टू वर्क फॉर दॅट’ म्हटलं की चर्चा तुमच्या घरखर्चावर येते, तुमच्या कामाच्या किमतीवर राहत नाही. ‘आय वॉज एक्स्पेक्टिंग समथिंग क्लोजर टू...’ म्हणून आकडा सांगा.

फीमाफीच्या अर्जात नेमकं काय लिहावं?

नेहमी दिसणारं वाक्य असतं: ‘माय फादर इज नॉट अफोर्ड टू माय फीज’. यात दोन चुका आहेत. ‘इज नॉट’च्या जागी ‘कॅनॉट’ हवं, आणि ‘टू’नंतर ‘पे’ हे क्रियापद राहून गेलं आहे. दुरुस्त वाक्य: ‘माय फादर कॅनॉट अफोर्ड टू पे माय फीज’. अर्जात ‘कान्ट’ असं आखूड रूप लिहू नये. ‘कॅनॉट’ एक शब्द म्हणून, सलग लिहावं. थोडं अधिक औपचारिक हवं असेल तर ‘माय फॅमिली इज अनेबल टू अफोर्ड द फीज’. लगेच पुढच्या वाक्यात कारण द्या: वडिलांचं काम, महिन्याची मिळकत, कधीपासून अडचण. नुसतं ‘अवर फायनान्शियल कंडिशन इज वीक’ लिहून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

‘बेअर’, ‘स्पेअर’, ‘मॅनेज’ यांपैकी काय कधी?

खर्च उचलणं: ‘बेअर द कॉस्ट’, पत्रव्यवहारात. मात्र ‘कॉस्ट’ किंवा ‘एक्स्पेन्स’ वगळून ‘आय कान्ट बेअर इट’ म्हटलं की अर्थ होतो ‘मला हे सहन होत नाही’.
थोडा वेळ काढणं: ‘कॅन यू स्पेअर टेन मिनिट्स?’ इथे ‘अफोर्ड’ जड होईल.
‘झेपत नाही’: काम असेल तर ‘आय कान्ट मॅनेज इट’. खर्च असेल तर ‘कान्ट अफोर्ड’.

शब्दकोशात ही सगळी माहिती असते का? कुठला वापरावा?

असते, फक्त ती वाचायची सवय हवी. मराठी अर्थ देणारी ॲप्स बहुधा ‘परवडणे’ लिहून थांबतात. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लॉन्गमन यांचे परभाषक विद्यार्थ्यांसाठी केलेले शब्दकोश इंटरनेटवर फुकट आहेत. त्यांत ‘अफोर्ड’ची नोंद काढा आणि या क्रमाने वाचा. आधी उच्चार, स्पीकरच्या खुणेवर बोट ठेवून तीनदा ऐका. मग शब्दाची जात: क्रियापद. मग कंसातल्या खुणा: कर्म लागतं का, कर्मणी होतो का, ‘कॅन’ लागतं का. मग ‘फॉर्मल’ असा शेरा कुठल्या अर्थापुढे आहे ते. व्याख्या आणि उदाहरणं सर्वांत शेवटी. उदाहरणं मात्र सगळी वाचायची. एका शब्दाला यात पाच-सात मिनिटं जातात, आणि ती वाया जात नाहीत.

आणखी उदाहरणं हवी असतील तर ‘स्केल’ (एस-के-ई-डबल एल) ही ‘स्केच इंजिन’ या भाषा-अभ्यासाच्या संकेतस्थळाची फुकट सेवा एका शब्दाची खऱ्या लेखनातली वाक्यं समोर ठेवते. ‘यूग्लिश’ या संकेतस्थळावर तोच शब्द खरी माणसं बोलताना ऐकता येतो. आणि मराठी बाजूच्या जुन्या छटा बघायच्या असतील तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडा. पहिली आवृत्ती १८३१ची, दुसरी १८५७ची, दोन्ही मुंबईत निघाल्या. आज तो शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीत शोधता येतो.

वहीत शब्द कसा उतरवावा, आणि किती?

दिवसाला तीन शब्द पुरे. वीस शब्द लिहून एकही वापरता येत नसेल तर ते श्रम फुकट. ‘अफोर्ड’साठी अर्धं पान ठेवा: जोराची खूण केलेला उच्चार, ‘कान्ट अफोर्ड टू’ हा तुकडा, तुमच्या खऱ्या आयुष्यातली तीन वाक्यं (एक पैशांचं, एक वेळेचं, एक भूतकाळातलं), आणि एक चुकीचं वाक्य काट मारून शेजारी बरोबर केलेलं. दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने मराठी बाजू उघडी ठेवून इंग्रजी झाका आणि मोठ्याने म्हणा. नुसतं डोळ्यांनी वाचलं की ‘येतंय’ असं वाटतं, तोंडाने म्हणताना कुठे अडतं ते खरं. लोकलमध्ये मोठ्याने म्हणणं जमत नसेल तर फोनवर लिहा, पण समोरचं इंग्रजी न बघता.

आपल्याला जमलं का, हे कसं तपासायचं?

ही चार वाक्यं आधी स्वतः इंग्रजीत करा, मग पुढचं वाचा. ‘आम्हाला ठाण्यात घर परवडलं, दादरला नाही.’ ‘परीक्षेच्या आठवड्यात आजारी पडणं मला परवडणार नाही.’ ‘एवढ्या भाड्यापेक्षा कर्जाचा हप्ता परवडला.’ ‘पाचशेला नाही परवडत ताई.’

पहिलं: ‘वी कुड अफोर्ड अ फ्लॅट इन ठाणे, बट नॉट इन दादर.’ दुसरं: ‘आय कान्ट अफोर्ड टू फॉल इल इन एक्झाम वीक.’ तिसऱ्यात तुलना आहे, म्हणून ‘आयड रादर पे अ लोन इन्स्टॉलमेंट दॅन सच अ हाय रेंट.’ चौथं विक्रेत्याचं: ‘आय कान्ट लेट इट गो फॉर फाइव्ह हंड्रेड.’ तिसऱ्या किंवा चौथ्या वाक्यात ‘अफोर्ड’ आपोआप आला असेल, तर ‘परवडणं’च्या चार जागांचं उत्तर पुन्हा वाचा.

डिझाइनवाले ‘अफोर्डन्स’ म्हणतात, त्याचा याच्याशी संबंध आहे का?

आहे, पण ‘देणं’ या दुसऱ्या अर्थाशी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन यांनी हा शब्द घडवला: एखादी वस्तू किंवा जागा प्राण्याला कोणती कृती करू देते, ते तिचं ‘अफोर्डन्स’. पुढे डोनाल्ड नॉर्मन यांनी तो रोजच्या वापरातल्या वस्तूंच्या रचनेबद्दल बोलताना रूढ केला. लोकलच्या दारातला उभा खांब धरायला सांगतो, सपाट पट्टी असलेलं दार ढकलायला सांगतं. तिथे वेगळी पाटी लागत नाही. पवईच्या आयआयटीतल्या आयडीसीसारख्या डिझाइन शाळेत जायचं असेल तर हा शब्द पहिल्याच सत्रात भेटेल, आणि तिथे ‘परवडणं’ हा अर्थ मनातून पूर्ण बाजूला ठेवावा लागेल.